एका महानगराची अनेक केंद्रे

शहर म्हटले की मध्यभागी पेठ, तिच्याभोवती कचेऱ्या आणि त्यांच्या सभोवार वस्ती, असे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु वाढती शहरे फार काळ एककेंद्री राहत नाहीत. चौन्सी हॅरिस व एडवर्ड उलमन या अमेरिकन भूगोलज्ञांनी १९४५ मध्ये याची कारणे मांडली. काही व्यवसायांना बंदरासारख्या विशिष्ट सोयी लागतात. काही व्यवसाय परस्परांच्या सान्निध्यात भरभराटतात. काहींना एकमेकांचा शेजार मानवत नाही. आणि काहींना मध्यवर्ती जागेचे भाडे परवडत नाही. अशा रीतीने एकाच शहरात अनेक केंद्रे उदयास येतात. ती आपोआप उगवू द्यावयाची की त्यांची आखणी करावयाची, हा नगररचनाकारांपुढील प्रश्न असतो.

मुंबईची कोंडी

मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र होता. बंदर आणि फोर्टमधील कचेऱ्या बेटाच्या दक्षिण टोकाला, तर वस्ती उत्तरेकडे सरकत गेलेली. सकाळी दक्षिणेकडे व सायंकाळी उत्तरेकडे जाणारा नोकरदारांचा लोंढा हा या रचनेचाच परिणाम होय. १९७१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ६० लाखांवर पोहोचली होती.

यावर उपाय सुचविण्यासाठी शासनाने अभ्यासगट नेमले. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर रस्ता व रेल्वे यांचा पूल बांधण्याची शिफारस केली. पुढे डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुख्य भूमीवर प्रत्येकी अडीच लाखांहून कमी लोकसंख्येच्या अनेक वसाहतींची कल्पना पुढे मांडली. १९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडील जोडशहराचा आराखडा प्रसिद्ध केला.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. एकच मोठी पेठ न वसविता शाळा, बाजार व दवाखाने जवळपास असणाऱ्या 'नोड' नावाच्या वसाहतींची साखळी उभारावी, असे ठरले.

अपेक्षा आणि प्रत्यक्ष

रस्त्याचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. वाशीपर्यंत लोकल गाडी पोहोचली ती मात्र १९९२ मध्ये. मधल्या काळात कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला आणि विभागीय शासकीय कार्यालये बेलापूरच्या कोकण भवनात आली. परंतु ज्या मंत्रालयाच्या स्थलांतरावर नियोजनकारांची मोठी भिस्त होती, ते जागचे हलले नाही. उलट नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव टाकून मिळविलेल्या जमिनीवर कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहत गेल्या. एका हाताने विकेंद्रीकरण आणि दुसऱ्या हाताने केंद्रीकरण, असा हा विरोधाभास होता.

दुसरा प्रयत्न बेटाला लगटूनच झाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन सोपविण्यात आले. पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांच्या मधोमध असलेल्या या संकुलात कालांतराने बँका, राष्ट्रीय शेअर बाजार आणि ऑपेरा हाऊस परिसरातील हिरे व्यापाराचा मोठा भाग आला.

जमीन देणाऱ्यांचा वाटा

नवे केंद्र ज्या भूमीवर उभे राहते, ती कुणाची तरी शेती, मिठागरे वा गावठाण असते. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. त्यात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के प्रमाणात विकसित भूखंड परत देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. हा न्याय प्रारंभीच आराखड्यात असता, तर तो मिळविण्यासाठी प्राण वेचावे लागले नसते.

केंद्र नकाशावर रंग भरून निर्माण होत नाही. रोजगार, वाहतूक व शासनाचे स्वतःचे निर्णय एकाच दिशेने पडले, तरच ते रुजते. तालुक्याच्या गावी बसस्थानक वा बाजार समितीचे आवार गावाबाहेर हलविताना याच कसोट्या लागू पडतात. तेथे पोहोचण्याची सोय आधी झाली आहे काय, आणि जमीन देणाऱ्याचा वाटा ठरला आहे काय, हे दोन प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ठराव करण्यापूर्वीच विचारले पाहिजेत.