कंपनी बाजारातून नाव काढून घेते तेव्हा

वडिलांनी घेऊन ठेवलेले शेअर्स आमच्या काही व्यापारी बंधूंच्या घरी आजही आहेत. अशा कंपनीकडून 'डिलिस्टिंग'चे पत्र आले तर ते बाजूला टाकू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

डिलिस्टिंग म्हणजे शेअर बाजारातून नाव काढून घेणे. बाजारात राहिले की दर तिमाहीला हिशेब जाहीर करावा लागतो, खर्च वाढतो, निर्णयांना भागधारकांची संमती लागते. पुढे मोठा नफा दिसत असेल, तर तो वाटून न घेता सगळा आपल्याकडे राहावा, असेही मालकाला वाटते. म्हणूनच भाव पडलेला असताना असे प्रस्ताव जास्त येतात.

सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार ठरावाला बाहेरच्या भागधारकांची विरोधी मतांच्या किमान दुप्पट मते लागतात. त्यानंतर भागधारक आपापला भाव सांगतात आणि प्रवर्तकांकडे एकूण ९० टक्के शेअर्स ज्या भावाला जमतील, तो भाव ठरतो. तो नाकारण्याची मुभा प्रवर्तकांना असते. २०२४ पासून किमान भावाहून निदान १५ टक्के जास्त असा ठरावीक भाव देण्याचीही सोय झाली आहे. २०२० साली वेदांता कंपनीला सुमारे १३४ कोटी शेअर्स हवे होते. १२५ कोटींच्या आसपासच मिळाले आणि प्रस्ताव बारगळला.

कॅडबरी इंडियाचे उदाहरण बोलके आहे. २००२ साली परदेशी मालक कंपनीने शेअरला ५०० रुपये देऊ केले. पुढे कंपनी बाजारातून बाहेर पडली. न विकलेल्या भागधारकांना २००९ साली १,३४० रुपये देऊ केले गेले. त्यांनी हरकत घेतली आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २,०१४ रुपये ५० पैसे भाव ठरवला. चौपट मिळाले खरे, पण बारा वर्षे पैसा अडकला आणि विकायला बाजार नव्हता. प्रत्येक कंपनीत असे घडेलच असे नाही.

व्यापार परस्परांच्या रजामंदीने व्हावा, ही आपली शिकवण. पण रजामंदीला माहिती लागते. तेव्हा कागदी शेअर्स वेळीच डिमॅट करा, वारसांची नावे लावून घ्या, कंपनीची मालमत्ता व नफा जाणकाराकडून तपासा, मगच भाव सांगा. मुदत चुकली तरी डिलिस्टिंगनंतर किमान एक वर्ष ठरलेल्या भावाने शेअर देता येतो. त्यानंतर मात्र गिऱ्हाईक शोधणे कठीण.