आधी भाकर, मग बोलणे

लेखमाला : भारावलेल्यांचा विसावा – भाग 5

मागच्या आठवड्यात आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायापाशी थांबलो होतो. कष्टाने दमलेल्यांना येशू जवळ बोलावतो, विसावा देऊ करतो आणि त्याच दमात आपले जू खांद्यावर घ्यायलाही सांगतो. विसावा आणि जू एकत्र कसे नांदतील? याचे उत्तर मला जुन्या करारातल्या एका पळून आलेल्या माणसाच्या गोष्टीत सापडते.

तो माणूस म्हणजे संदेष्टा एलीया. काळ इसवी सनापूर्वीचे नववे शतक, इस्राएलात अहाब राजाची सत्ता. कर्मेल डोंगरावर एलीयाने बआलाच्या 450 संदेष्ट्यांना एकट्याने तोंड दिले आणि तो जिंकला. पण उद्यापर्यंत तुझा जीव घेते, असा राणी ईजबेलीचा निरोप आला मात्र, हा गडी पार दक्षिणेला बैर-शेब्यापर्यंत पळाला. चाकराला तिथे ठेवून एक दिवसाची वाट रानात चालत गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. मोठे काम फत्ते झाल्यावर माणूस असा अचानक कोसळतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता देवाने काय केले ते पाहा. एलीया झोपला होता. दूताने त्याला हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूत परत आला, परत जेवायला उठवले. कारण एवढेच सांगितले की वाट लांबची आहे. विश्वास कुठे गेला तुझा, असे कोणी विचारले नाही. आपल्याकडे दमलेल्या माणसाला वचने ऐकवायची केवढी घाई असते!

तिथून चाळीस दिवस चालून एलीया होरेब डोंगरावर पोहोचला. वादळी वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती प्रसिद्ध मंद वाणी. बहुतेक प्रवचने इथे संपतात, पण मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देव दोनदा विचारतो आणि एलीया दोन्ही वेळा तीच तक्रार तशीच्या तशी सांगतो. मंद वाणी ऐकूनही त्याचे गाऱ्हाणे तसूभर बदललेले नाही. देव ते ऐकून घेतो. मग त्याला काम देतो, अलीशाच्या रूपाने सोबती देतो आणि मी एकटाच उरलो ही त्याची समजूतही दुरुस्त करतो: तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत. अन्न, झोप, ऐकून घेणारा कोणीतरी, मग पेलवेल एवढे काम आणि सोबत. विसावा आणि जू इथे एकमेकांना लागूनच येतात.

थकव्याचे गाऱ्हाणे देव ऐकून घेतो, तसेच रागाचेही आहे. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा फार मोठा आहे. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. 137व्याच्या शेवटी इतका भयंकर शाप आहे की पुष्कळ मंडळ्या उपासनेत तो भाग गाळतात. तरीही तो पवित्र शास्त्रातून कोणी काढला नाही. शेजाऱ्यावर उगारायचा तो राग तिथे देवापुढे मोकळा केला आहे. इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही राग येणारच हे गृहीत धरले आहे. सूर्य मावळायच्या आत तो मिटवा, एवढेच बजावले आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा साधू राहत होता. मनाला छळणाऱ्या आठ विचारांत त्याने राग घातला. रागावलेला माणूस प्रार्थनेला उभा राहिला की ज्याने दुखावले त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो, हे त्याने नेमके हेरले होते. स्तोत्रे गा, दया करा, या सल्ल्यांबरोबर त्याने आणखी एक उपाय सांगितला: भेटवस्तू द्या. दाखला याकोबाचा. ज्याला फसवून पळाला होता त्या भावाला, एसावाला, वीस वर्षांनी भेटताना याकोबाने आधी कळप धाडले. नुसत्या शेळ्याच 200. त्यात भीती होती आणि हिशेबही होता. पण मन वळण्याची वाट न पाहता हात आधी पुढे करता येतो, ही त्यातली खुबी.

यातून स्वभाव एका रात्रीत पालटतो असे मात्र कोणी समजू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा शीघ्रकोपीपणा पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये किती मिस्कीलपणे रंगवला आहे, ते मराठी वाचकांना सांगायला नको.

आणखी एक. घरात मारझोड होत असेल, तर क्षमा कर आणि तिथेच राहा, असा सल्ला या गोष्टींच्या नावाने देऊ नये. ईजबेलीशी जुळवून घे, असे देवाने एलीयाला सांगितले नव्हते. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे; दूतानेही भाकर आणलीच होती.

पुढच्या भागात योना. त्याचा राग निराळा आहे: देवाने निनवेकरांना क्षमा केली, म्हणून तो देवावरच चिडला होता.