युद्धस्य कथा... ऑन एअर!

शनिवारची रात्र. या वेळी तुमच्या-माझ्या वयाची मंडळी कुठं असतात? सिनेमा, पार्टी, अगदीच काही नाही तर सोफ्यावर लोळत मॅच! माझा आतेभाऊ मात्र इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमच्या आपल्या फ्लॅटमध्ये, घरातली झाडून सगळी पांघरुणं भिंतींवर टांगून माइकसमोर बसलेला असतो. आणि एकदम सीरियस आवाजात सांगत असतो, ‘शिंद्यांचं पायदळ आता काटकोनात वळतंय...’

शिंद्यांचं पायदळ? नॉटिंगहॅममध्ये? येस बॉस! फक्त हे पायदळ जेमतेम इंचभर उंचीचं आहे आणि त्यातला प्रत्येक शिपाई दादानं स्वतःच्या हातानं रंगवलाय.

दादाच्या या छंदाचं नाव टेबलटॉप वॉरगेमिंग. फंडा तसा साधा आहे. साधारण सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर टेकड्या, नदी, गाव. समोरासमोर दोन सैन्यं. कुणी किती इंच सरकायचं ते टेपनं मोजायचं, गोळी लागली की हुकली ते फाशांवर ठरवायचं. बुद्धिबळाचा धाकटा, घरभर पसारा घालणारा भाऊ म्हणा ना!

पण याला पोरखेळ समजू नका हं. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 मध्ये ‘क्रीगश्पील’चे नियम छापले आणि तिथले अधिकारी नकाशावर फासे टाकून डावपेच शिकू लागले. 1913 मध्ये ‘टाइम मशीन’वाल्या एच. जी. वेल्सनं ‘लिटल वॉर्स’ लिहून युद्धाचा खेळ दिवाणखान्यात आणला. आणि नॉटिंगहॅम तर या छंदाची पंढरीच! ‘वॉरहॅमर’ काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी तिथलीच. 1975 मध्ये तीन मित्रांनी लंडनमध्ये सुरू केलेली ही कंपनी डिसेंबर 2024 मध्ये एफटीएसई 100 मध्ये, म्हणजे लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. चिमुकल्या सैनिकांच्या जोरावर!

लिहिणं सोपं होतं

नोकरीसाठी तिकडे गेल्यावर पहिला हिवाळा दादाला जाम जड गेला. दुपारी चारला अंधार, बोलायला कुणी नाही. मग एका क्लबात हा खेळ सापडला आणि गडी त्यात रमला. खेळलेल्या प्रत्येक लढाईचा साग्रसंगीत वृत्तांत तो लिहायचा. इंग्रजी फर्मास, त्यामुळे वाचणारे खूश.

क्लबातल्या एका रिटायर्ड पोस्टमन आजोबांनी मात्र एक दिवस पिल्लू सोडलं, ‘लिहितोस छान. आता बोल की!’

खेळ सगळा बघण्याचा, मग तो ऐकायचा कशाला? तर या छंदातला खरा वेळ खेळण्यात जातच नाही. तो जातो रंगवण्यात. एकेका शिपायाला तास-दोन तास आणि सैन्यात असे शंभर. डोळे गुंतलेले, हात गुंतलेले, कान तेवढे मोकळे. महिनोन् महिने टेबलाशी एकट्या बसलेल्या माणसाला कानात कुणीतरी गप्पा मारणारं हवंच असतं.

दादा काही यातला पहिला नाही. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द 2004 मध्ये ‘द गार्डियन’मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी, दक्षिण कोरियात शिकवणाऱ्या टॉम व्हॅसल या अमेरिकन माणसानं ‘द डाइस टॉवर’ हा बोर्डगेम्सवरचा पॉडकास्ट सुरू केला. त्याआधी तोही ढिगानं परीक्षणंच लिहीत होता. पुढं हेच त्याचं पूर्ण वेळचं काम झालं.

दादाची गाडी मात्र पहिल्याच एपिसोडला अडली. चारदा रेकॉर्ड केला, चारदा पुसला. का? ‘अगं, लिहिताना माझा ॲक्सेंट कुणाला ऐकू येत नव्हता,’ तो मला म्हणाला. ‘कागदावर मी कुठलाही असू शकत होतो. तोंड उघडलं की मी एकदम कोथरूडचा!’

पाचवं रेकॉर्डिंग त्यानं घाबरत घाबरत आत्याला पाठवलं. आत्याला ॲक्सेंटशी काय देणंघेणं? तिची तक्रार वेगळीच, ‘अरे, मला काहीच दिसत नाहीये! आम्ही रेडिओवर बाळ पंडितांची कॉमेंट्री ऐकायचो, तेव्हा आख्खी मॅच दिसायची. आधी मैदान सांग, मग माणसं सांग, मग बॉल टाक.’

कोट्यवधींच्या मीडिया कंपन्याही याहून चांगला सल्ला देणार नाहीत!

असई, व्हाया नॉटिंगहॅम

मग दादानं मैदान निवडलं ते थेट आपल्या जालना जिल्ह्यातलं. असई, 23 सप्टेंबर 1803. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. तोच, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. पोस्टमन आजोबा झाले वेलस्ली, दादा झाला शिंद्यांचा सेनापती पोलमन. हा पोलमन जर्मन! आणि पेशव्यांचं घोडदळ त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूनं. इतिहास आपल्या व्हॉट्सॲप फॉरवर्डइतका सोपा नसतो, तो असा.

दादानं आत्याचं ऐकलं. आधी केळणा आणि जुई या नद्या, त्यांच्या बेचक्यातली जमीन. मग माणसं. नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं दिसतात, म्हणजे इथं उतार असणारच, हा वेलस्लीचा तर्क. तो नदी उतरून बगलेवर येतो, तर शिंद्यांच्या कवायती पलटणी वळून पुन्हा त्याच्यासमोर उभ्या! इंग्रज तोफांवरून पुढं जातात आणि मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठून मागून मारा करतात. इंग्रज जिंकले, पण दीड हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली.

‘पुस्तकात ही लढाई बहुतेक वेळा वेलस्लीच्या घोड्यावरून दिसते,’ दादा म्हणतो. ‘पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी बसावंच लागतं. त्याशिवाय गेम होत नाही.’ त्या बाजूनं बोलताना आपण ॲक्सेंट विसरलो, हे त्याला एपिसोड संपल्यावर कळलं. त्यानं फक्त एकदा थांबून आजोबांना ‘केळणा’चा उच्चार शिकवला. ‘ळ’ काही आजोबांना जमला नाही. तो भाग दादानं एडिटमध्ये मुद्दाम ठेवलाय.

किती लोक ऐकतात, असं मी विचारलं तर हसून म्हणाला, ‘आकडा विचारू नकोस. लिहायला मी एकटा पुरायचो. यासाठी दर शनिवारी कुणीतरी घरी येतं, हे काय कमी आहे?’

कोथरूडला आत्या मात्र प्रत्येक एपिसोड ऐकते. मेथी निवडता निवडता. डोळे गुंतलेले, हात गुंतलेले, कान मोकळे! असईचा एपिसोड संपल्यावर तिनं एवढंच कळवलं, ‘या वेळी दिसलं हो सगळं.’

तुम्हालाही माइक खुणावतोय?

• महागड्या स्टुडिओच्या मागे लागू नका. गाद्या, पांघरुणं, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आवाजाचा घुमारा मस्त शोषून घेतं.
• फासे लाकडी टेबलावर टाकलेत, तर ऐकणाऱ्याच्या कानात बॉम्ब फुटतील. खाली जाड कापड घाला.
• एकट्यानं भाषण ठोकू नका. वाद घालणारा जोडीदार शोधा.
• पहिले काही एपिसोड वाईटच होणार. बिनधास्त होऊ द्या!