सहलीला निघताना भरतीची वेळ पाहा

मैत्रिणींनो, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे दिवेआगरला गेलं, की पुढे शेखाडी, आरवीवरून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राच्या कडेनंच जातो. तिथून हरिहरेश्वर जवळ. बचत गटाची सहल ठरवताना आधी तिथी बघा. चंद्राच्या ओढीनं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. या किनाऱ्यावर तेव्हा भरती दुपारी बाराच्या आसपास येते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, म्हणून ती ओहोटीलाच करायची. लाट अचानक खेचून नेते. गाडीही वाळूत नेऊ नका, चाकं रुततात आणि भरती थांबत नाही. गावकऱ्यांना वेळ विचारा, मगच खडकांवर उतरा.