गणपूर्ती झाली की हल्ला

महाराष्ट्रात गावच्या ग्रामसभेला गणपूर्ती लागते: सहसा 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी तो आकडा. जिवाणूंचंही तसंच, फक्त त्यांच्याकडे हजेरीबुक नाही. प्रत्येक जण एक रेणू बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की तो दाटतो आणि सगळ्यांना कळतं, आता आपण पुरेसे झालो. 1970 मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंत हे दाखवलं. एकट्यादुकट्यानं उजेड पाडून उपयोग काय!

मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन्महिने चिघळते, त्याचं एक कारण जिवाणूंच्या या गणपूर्तीत आहे (साखर आणि मंदावलेला रक्तपुरवठा तर आहेतच). स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू आधी गुपचूप वाढतो. संख्या भरली की विषारी द्रव्यं सोडतो. शिवाय चिकट थर रचून त्यात दडतो. पाण्याच्या टाकीला आतून हात लावला की बुळबुळीत लागतं ना, तोच प्रकार. थराच्या तळाशी काही जण जवळजवळ झोपलेले असतात, आणि बरीच प्रतिजैविकं मारतात ती वाढणाऱ्यांना. म्हणून डॉक्टर नुसत्या गोळ्या देऊन थांबत नाहीत, जखम खरवडून काढतात. रुग्णाला तो छळ वाटतो.