शाईचा पॅड आणि माझा उजवा हात

३१ वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना 'अ' गिरवायला शिकवला. जिंतूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी पोरे माझ्या हाताला धरून पाटीवर लिहायला लागली. साक्षरता अभियानाच्या दिवसांत रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या मोठ्या माणसांना मी हटकून सांगत असे, "अंगठेबहाद्दर राहू नका, सही करा." त्याच मला वयाच्या ६८व्या वर्षी बँकेत हयातीच्या दाखल्यावर अंगठा उठवावा लागला.

काउंटरवरचा मुलगा भला होता. माझी उजव्या हाताची धडपड त्याने दोन मिनिटे पाहिली आणि हळूच जांभळ्या शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. "गुरुजी, राहू द्या, अंगठा चालतो." चालतो हे मलाही ठाऊक होते. घरी येऊन मी साबणाने अंगठा धुतला, पण दोन दिवस शाई निघाली नाही आणि दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. वाचकहो, आजचा हा लेख त्या शाईच्या पॅडविषयीच आहे.

चूक माझीच होती

त्याआधी तीन महिने, श्रावणात, एका संध्याकाळी चहाचा कप माझ्या हातातून निसटला. बोलताना जीभ जड वाटत होती. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तोंड वाकडे दिसतेय." मी म्हणालो, दुपारी कुशीवर झोपलो, हात दबला असेल. तसाच झोपलो. सकाळी उजवा हात उचलेना आणि पाय ओढत चालावे लागले. मग दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्रास किती वाजता सुरू झाला?" रक्ताच्या गुठळीने मेंदूची वाहिनी बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही आधी मेंदूचा सीटी स्कॅन करून. कारण कधी कधी वाहिनी बंद पडलेली नसते, फुटलेली असते, आणि तेव्हा हेच इंजेक्शन घातक ठरते. माझे १४ तास झोपेत गेले होते. शिवाय रक्तदाबाची गोळी मी चार महिन्यांपूर्वी स्वतःच बंद केली होती. कारण काय, तर बरे वाटत होते! रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर तो आतल्या आत घात करतो.

तेव्हा हे पाठ करून ठेवा. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यातले एकही लक्षण दिसले तर घड्याळात वेळ पाहा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आपल्याकडे लकवा झाला म्हणताच कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, कोणी अमक्या गावच्या झाडपाल्याला नेतो. मलाही सांगणारे भेटले. त्या सल्ल्यांपायी जाणारा प्रत्येक तास मेंदूच्या पेशींच्या जिवावर उठतो.

लुळा हात आणि रुसलेले मन

औषधे सुरू झाली. फिजिओथेरपीचे डॉक्टर व्यायाम शिकवून गेले. पाय दोन महिन्यांत बराच सुधारला. हात मात्र मागे राहिला. खांदा हलायचा, कोपर वाकायचे, पण बोटांत पेन ठरत नसे. व्यायामाचा मला कंटाळा येई. हात वर, हात खाली, दहा वेळा. कशासाठी? बँकेतून आल्यावर तर मी तेही सोडले. जेवण कमी झाले, झोप उडाली.

डॉक्टरांनी ते ओळखले. अर्धांगवायू झालेल्यांपैकी सुमारे तिघांत एकाला नैराश्य येते, तो आजाराचाच भाग आहे, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही आणि त्यावर उपचार आहेत, असे त्यांनी समजावले. आणखी एक गोष्ट सांगितली. मेंदूचा जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग त्याचे काम शिकू शकतात. शिकवायचे कसे? शाळेत शिकवतात तसेच, पुन्हा पुन्हा गिरवून. मात्र त्या गिरवण्याला काही अर्थ हवा, शेवटी हातात काही उरायला हवे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, नंतरही ती थांबत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, हाताला आवडेल असे काम शोधा."

या विचारामागे मोठे शास्त्र आहे. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी असे त्याचे नाव. आपल्या देशात त्याचे शिक्षण महाराष्ट्रातच सुरू झाले. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा काढली. विणणे, सुतारकाम, रंगकाम, स्वयंपाक अशा रोजच्या कामांतून रुग्णाचा हात आणि आत्मविश्वास दोन्ही परत मिळवायचे, ही त्यामागची दृष्टी. मला काम सापडले ते मात्र नातीमुळे.

संक्रांतीची भेटकार्डे

पौषातली गोष्ट. परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की धडधाकट माणसाची बोटे आखडतात, माझी तर विचारूच नका. नात ओट्यावर उन्हाला बसून संक्रांतीची कार्डे करत होती. आमच्या उमेदीत संक्रांत आली की शाळेसमोरच्या हातगाड्यांवर छापील भेटकार्डांच्या चळती लागत. दहा-वीस पैशांचे कार्ड, वर पतंग किंवा हलव्याचे दागिने, खाली 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. ती चाल आता मोबाइलने मोडली. नातीला ते जुने कार्ड माझ्या ट्रंकेत सापडले होते आणि तिला तसेच हाताने करायचे होते.

तिच्यापुढे शाईचे पॅड होते. जांभळा पाहताच मी मान फिरवली. ती म्हणाली, "आजोबा, कागद धरा ना, सरकतोय." मी डावा हात पुढे केला. ती म्हणाली, "तो नाही, तुमचा आजारी हात ठेवा, नुसता वजनाला." वजनाला म्हणून ठेवलेल्या त्या हातात अर्ध्या तासाने स्पंज होता.

शाई मिसळण्याची रीत

रीत सोपी आहे, पण तिच्यात कारणे आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

कागद जाड आणि गुळगुळीत घ्यावा. आपल्या मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुऱ्याला शतकानुशतके हातकागद बनत आला. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासून हातकागद संस्था आहे आणि कापडाच्या सुती कातरणीचा तिचा कागद देखणा असतो. पण खळ कमी असलेला खरबरीत कागद शाई झटकन पितो आणि डाग पडतात. सुरुवातीला साधी कार्डशीट बरी. हातकागद पाठीमागे चिकटवायला वापरावा.

शाई स्टँपपॅडची चालते. ती सावकाश वाळते, त्यामुळे एका रंगात दुसरा मिसळायला वेळ मिळतो. पिवळी शाई पॅडमध्ये सहसा मिळत नाही. ती चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून बाटलीत आणून स्पंजच्या तुकड्यावर ओतावी. प्रत्येक रंगाला वेगळा स्पंज ठेवावा.

स्पंज पॅडवर हलकेच टेकवावा आणि आधी रद्दी कागदावर फिरवावा. पहिल्या स्पर्शाला सर्वांत जास्त शाई उतरते, ती रद्दीवर जाऊ द्यावी. मग कार्डाच्या बाहेरून, खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावरून सुरुवात करून गोल गोल फिरवत कार्डावर यावे. दाब अगदी कमी ठेवावा. फिका रंग आधी, गडद नंतर. पिवळ्यावर तांबडा बोटभर चढवला की मध्ये आपोआप केशरी उमटतो, संक्रांतीच्या पहाटेसारखा. तांबड्यावर हिरवा किंवा पिवळ्यावर जांभळा चढवला तर मात्र चिखल होतो.

आता गंमत पाहा. बांगडीच्या मापाचा कागदाचा गोल कापून कार्डावर ठेवा, सभोवती निळा-जांभळा रंग चढवा आणि गोल उचला. पांढराशुभ्र चंद्र मागे राहतो. पतंगासाठी आम्ही माझ्याच जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा केला. कापला नातीने, कारण माझ्या बोटांना स्पर्श नीट कळत नाही आणि ब्लेड लागले तरी समजणार नाही. अशा रुग्णांनी धारदार व गरम वस्तूंना हात लावूच नये.

या कलेत माझ्यासारख्याची सोय अशी की इथे रेघ ओढायची नसते. रेघ हाताची थरथर लगेच दाखवते. गोल फिरणाऱ्या स्पंजखाली थरथर दिसतच नाही, उलट रंग अधिक छान मिसळतो. एका कार्डाला स्पंजचे दोनशे-तीनशे वेढे सहज होतात. हात दहा वेळा वर-खाली करायला कंटाळणारा मी, पहिल्या दिवशी दोन कार्डे करून तिसरे मागत होतो.

काळजी कोणती घ्यावी?

फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी आमचा उद्योग पाहिला आणि काही सुधारणा सांगितल्या. त्या सर्वांच्या उपयोगाच्या आहेत.

बारीक दांडी धरवत नसेल तर ती जाड करावी. आम्ही औषधाच्या बाटलीच्या मोठ्या बुचावर स्पंज चिकटवला आणि भोवती जुन्या बनियनची पट्टी गुंडाळली. कार्ड चिकटपट्टीने टेबलाला पक्के करावे. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून बसावे, कोपर टेबलावर असावे. आजारी हात कोणी ओढून वर उचलू नये, खांदा निखळतो. काम १५ मिनिटे करून थांबावे. दमल्यावर रेटले तर स्नायू अधिक आखडतात. मुठी आवळून बोटे ताठरली असतील, तर बोटे उघडण्याचे व्यायाम आधी करावेत आणि चेंडू दाबत बसण्यापूर्वी तज्ज्ञांना विचारावे. सगळ्यांना एकच व्यायाम लागू पडत नाही.

धडधाकट माणसांनीही मान खाली घालून तास तास बसू नये. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर हात बदलावा. चाळिशीचा चष्मा असेल तर तो लावूनच बसावे. उजेड डाव्या बाजूने यावा, डावखुऱ्यांना उजव्या. स्पिरिट किंवा थिनर असलेल्या शाया बंद खोलीत वा शेगडीजवळ उघडू नयेत. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. तंबाखू मळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, आणि खरे तर तंबाखूच सोडावी. लकव्याला तीही निमंत्रण देते. शाईच्या बाटल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आणि एक स्पष्ट सांगतो. कार्डे करून लकवा बरा होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायच्या. मिठावर हात आवरायचा, दिवसाकाठी सर्व पदार्थांत मिळून लहान चमचाभर पुरे. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर असेल तर दुर्लक्ष करायचे नाही. शाईचा पॅड हा व्यायामाचा सोबती, औषधाला पर्याय नव्हे.

पुन्हा बँकेत

त्या संक्रांतीला आम्ही ४० कार्डे केली. आतला मजकूर नातीने लिहिला. मी प्रत्येकात फक्त एक ठिपका दिला, पेन मुठीत धरून. पाडव्याला ठिपक्याची रेघ झाली. आषाढीच्या सुमारास नावाचे पहिले अक्षर जमले. मी तर शिक्षक, मला ठाऊक होते की पहिलीच्या पोरालाही यायला इतका वेळ लागतो. एवढी वर्षे मी तो पोरांना देत आलो होतो, आता स्वतःला दिला.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बँकेत गेलो. तोच मुलगा होता. मला पाहताच त्याने सवयीने पॅड काढला. मी पेन मागितले. सही वाकडी आली, जुन्या नमुन्याशी मुळीच जुळेना. त्याने साहेबांना विचारले, ओळखपत्र पाहिले आणि नव्या सहीचा नमुना नोंदवून घेतला. तीन ठिकाणी सही करायची होती, पाच मिनिटे लागली. मागे रांग होती, पण कोणी कुरकुरले नाही.

कागद परत घेताना त्याचे माझ्या हाताकडे लक्ष गेले. "गुरुजी, सही केली, मग अंगठा कसा निळा?"

दिवाळीची कार्डे चालू होती. पिशवीतले एक काढून मी त्याच्या हातात ठेवले, आणि वाटेत औषधांच्या दुकानातून महिनाभराच्या गोळ्या घेऊन घरी आलो.