अंतराळयुद्धाच्या खेळातील लेझर अंतरमापक

2016 साली आलेल्या 'चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ' या संगणकीय खेळात अंतराळयुद्ध ज्ञात भौतिकशास्त्राच्या चौकटीत बसवलेले असून, त्यात खेळाडूला लेझर, अणुभट्टी, रॉकेट इंजिन यांचे आराखडे स्वतः आखता येतात. लेझर उभारताना स्फटिक कोणता, त्याला ऊर्जा पुरवणारा दिवा किती क्षमतेचा, आरसा केवढा, हे ठरवावे लागतेच, शिवाय निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याची सोयही करावी लागते. कारण अंतराळात हवा नसल्याने उष्णतेला प्रारणाखेरीज, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागातून निघणाऱ्या अवरक्त किरणांखेरीज, वाट नसते. या खेळात लेझर प्रामुख्याने शस्त्र म्हणून येतो. त्याच घटकांतून कमी शक्तीचा अंतरमापक रचायचा म्हटला की मात्र गणिताचा सगळा भर बदलतो.

अंतरमापक प्रकाशाचा एक स्पंद सोडतो आणि तो लक्ष्यावर आपटून परत येईपर्यंतचा काळ मोजतो. या मोजणीत 1 नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतर 15 सेंटिमीटरने चुकते, म्हणून स्पंद अत्यंत आखूड असावा लागतो. असा स्पंद 'क्यू-स्विचिंग'ने मिळतो. या पद्धतीत लेझरच्या दोन आरशांमधील प्रकाशाचा मार्ग अडवून स्फटिकात ऊर्जा साठू दिली जाते आणि मग अडसर एकदम काढला जातो. अमेरिकेतील ह्यूज कंपनीतल्या मॅक्लंग आणि हेलवर्थ यांनी 1962 मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले. 10 मिलिज्यूल ऊर्जा 10 नॅनोसेकंदांत बाहेर पडली, तर त्या क्षणापुरती शक्ती 10 लाख वॅट भरते. पण असे सेकंदाला 10 स्पंद सोडले, तरी प्रकाशाची सरासरी शक्ती अवघी 0.1 वॅट राहते. 2008 साली निघालेल्या चांद्रयान-1 वरील अंतरमापकही 10 मिलिज्यूलचे, सेकंदाला 10 स्पंद सोडणाराच होता.

खरी अडचण परतीच्या प्रकाशाची आहे. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत 10 सेंटिमीटर व्यासाच्या आरशातून निघाला, तरी विवर्तनामुळे, म्हणजे तरंगांच्या अंगभूत पसरण्यामुळे, 1,000 किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे 26 मीटर रुंद होतो. समोरचे यान 10 मीटर रुंद असून पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग चहूकडे विखुरत असेल, तर सोडलेल्या पन्नास हजार लाख कोटींहून अधिक फोटॉनांपैकी तेवढ्याच आरशावर जेमतेम पाचेक परततात, आणि तेही वाटेत काहीच वाया गेले नाही असे मानल्यास. 100 किलोमीटरवर हाच आकडा हजारावर जातो. ठिपका लक्ष्याहून खूपच मोठा झाला की परतीचा प्रकाश अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की तो सोळावा हिस्सा उरतो.

म्हणूनच शक्ती वाढवण्याचा मोह चुकीचा ठरतो. ठिपका लक्ष्याहून खूपच मोठा होईल एवढ्या दूरच्या लक्ष्यासाठी सोडणारा आणि टिपणारा आरसा व्यासाने दुप्पट केला, तर ठिपक्याचे क्षेत्रफळ चौथाई होते, गोळा होणारा प्रकाश चौपट होतो आणि एकूण लाभ सोळापटीकडे झुकतो. तोच लाभ शक्तीतून मिळवायचा तर उष्णताही सोळापट फेकावी लागेल. मात्र झोत निमुळता झाला की नेमही तितकाच काटेकोर लागतो. 1,000 किलोमीटरवर आडव्या दिशेने सेकंदाला 5 किलोमीटर जाणारे यान प्रकाशाच्या 6.7 मिलिसेकंदांच्या फेरीत 33 मीटर सरकते, म्हणजे ठिपक्याच्या रुंदीहून जास्त. त्यामुळे यान दिसते तिथे नव्हे, तर ते पुढे जिथे असेल तिथे झोत रोखावा लागतो.

असा मापक रचणाऱ्याने आधी आरसा आणि तो फिरवणारी यंत्रणा यांवर वस्तुमान खर्चावे, आणि दिव्याची शक्ती सर्वांत शेवटी वाढवावी.